तळ्याशी अबोला

रेवताबाईचा तळ्याशी अबोला होता. मासे धरणाऱ्या ढिवराच्या बाईने तळ्यावर रुसावं म्हणजे नवलच, पण ती रुसली होती खरी. तिची दोन लेकरं हगवणीने गेली, आणि दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं की तळ्याकाठच्या झिऱ्याचं, तळ्यातूनच पाझरणारं पाणी बाधलं. तेव्हापासून ती पाण्यात पाय घालत नव्हती. मासोळ्या विकायची, पण नवऱ्याच्या डोंग्याकडे पाठ करून.

धुक्याच्या सकाळी मात्र कमळाच्या पानांखालून ती दोघं हसताना तिला ऐकू यायची. पाणकोंबड्या आहेत, तिचा नवरा भैयालाल म्हणायचा. ती हो म्हणायची आणि मनातल्या मनात लेकरांना हाका मारायची.

मग कौतिका झाली. त्याच साली गावाच्या वरच्या टोलीत, धानाच्या बांध्यांपलीकडे, सरकारी बोरिंग बसलं. पाणी कसं, घागरीचा तळ दिसावा असं. पण गावाने लगेच नाक मुरडलं. त्या पाण्यात भात पिवळा पडायचा, आणि पांढऱ्या भाताचा तर या गावाला भारी तोरा. माणसं परत विहिरीवर नि झिऱ्यावर गेली. रेवताबाई एकटीच धुऱ्याधुऱ्याने, शेतांच्या बांधांवरून, बोरिंगवर जायची. तिथली घागर फक्त कौतिकाची. नवराबायको झिऱ्याचं पीत, पोरगी पिवळा भात खाई.

"राजाची पोरगी हाये वो तुही," शेजारची सखाबाई चिडवायची. रेवताबाईला ते आवडायचं.

राजाच्या पोरीचे दुधाचे दात पडून नवे आले ते खडूसारखे, वर तपकिरी डाग. मग गुडघे एकमेकांना भिडायला लागले. ती चालायची तेव्हा वाऱ्यावर डोलल्यासारखी दिसायची. रेवताबाईने तेल चोळलं, नवस बोलली, आणि बोरिंगची दुपारची एक खेप वाढवली.

१९८६च्या हिवाळ्यात पाणी तपासणारे आले. आधी बाटल्या भरून नेल्या, महिन्याभराने परतले आणि बोरिंगच्या तोटीला लाल रंग फासू लागले. रेवताबाई घागर घेऊन समोर उभी.

"बाई, हे प्यायचं नाही," साहेब म्हणाला. "यात फ्लोराईड आहे. दात आणि हाडं बिघडतात, लहान मुलांची आधी."

"मंग पोरीले काय पाजू?"

"झिऱ्याचं, विहिरीचं चालेल. गाळून, उकळून."

"पाय सरळ होतीन का तिचे?"

साहेबाने ब्रश डब्यात ठेवला. "पुढे वाकायचे थांबतील, एवढं म्हणू शकतो. मोठ्या दवाखान्यात दाखवा."

ती रिकामी घागर घेऊन निघाली. धुक्यात धुरे बुडाले होते, पायाखाली जमीन आहे की नाही कळत नव्हतं. इतक्या वर्षांच्या सगळ्या घागरी आपल्यामागून चालत येताहेत असं तिला वाटलं. आपल्याच हातांनी, लाडाने पाजलं. तिला साहेबाचा राग आला, देवाचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. रडू मात्र येईना.

घराकडे न वळता ती सरळ तळ्यात उतरली. गुडघ्यांपर्यंत गार पाणी चढलं.

"दोघं तुह्यापाशी हायेत," ती तळ्याला म्हणाली. "हे एक मह्यापाशी राहू दे."

झिऱ्याचं पाणी तिने लुगड्याच्या पदराने गाळलं, खळखळून उकळलं, निववलं. कौतिका चुलीपाशी बसून सगळं पाहत होती. आईने गडवा पुढे केला तसा तिने हात मागे घेतला.

"माय, हे पानी पेऊ नोको म्हनत होतीस ना? दोघं दादा याच पान्यानं मेले ना?"

लेकीला दटावायचं म्हणून हे रेवताबाईनेच रोज सांगितलं होतं. स्वतः आधी पिऊन दाखवावं म्हटलं, तर ती ते रोजच पीत होती, त्याने पोरीला काय पटणार.

"उकळलं हाये, बाई," ती म्हणाली. "पे."

कौतिकाने आईच्या तोंडाकडे पाहिलं, डोळे मिटले, आणि आई म्हणते म्हणून ती प्याली, जशी ती सात वर्षं बोरिंगचं पीत आली होती.