पाठीवर दोन नावं

मला पालथी घालाल तर पाठीवर दोन नावं दिसतील, मित्रांनो; पण मी एकच जुनी पितळी परात आहे. काठाला चीर पडली आहे, जपून धरा, बोट कापेल.

तांबं आणि जस्त वितळवून भंडाऱ्याच्या कासारानं मला घडवलं. दोन धातूंची असून मी एकजीव होते, अशी लखलखत होते की दुकानातल्या घागरींनी तोंडं फिरवली. १९७१ साली परसराम यांनी लेकीच्या लग्नासाठी मला घेतलं आणि पाठीवर ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव घातलं : मंदा.

आसगावला लग्न लागलं. माझ्यात तांदूळ पसरले आणि नवरदेव घनश्यामनं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहिलं : सुलोचना. सासू गिरजाबाई म्हणाली, "मंदा मांडवाबाहेर राहिली. आता हाक मारीन ते सुलोचनाले." सगळे हसले. नवरीही हसली. मी नाही हसले. माझ्या पाठीचे ठिपके अजून ताजे होते.

सातवी शिकलेली ती पोर. दुपारी तांदूळ निवडायला बसली की ते माझ्यात पसरायची आणि बोटानं त्यात एक ओळ लिहायची. मोडायची. पुन्हा लिहायची. पटली की मगच वहीत उतरवायची. कोणी आलं की तळहात फिरवला, झालं; सूनबाई खडे वेचते आहे.

तिच्या गोष्टींत ना राजा ना राणी. एकाच अंगात राहणाऱ्या दोन बाया. एक चिखलात धानाची रोपं लावत रोवणा करते, दुसरी शेताच्या धुऱ्यावर उभी राहून तिला पाहते. दोघी एकमेकींना विचारतात, "तू कोण वं?" उत्तर एकीलाही येत नाही, आणि गोष्ट तिथेच थांबते. मला राग यायचा, शेवट काहून नाही लिहीत ही? मग कळलं, शेवट तिलाच ठाऊक नव्हता.

गावच्या शाळेतले देवाजी मास्तर त्या गोष्टी नागपूरच्या एका मासिकाला पाठवायचे, मंदा परसराम याच नावानं. छापलेला अंक पिशवीत लपवून आणायचे. १९७८ साली ते म्हणाले, "नागपूरले सभा आहे, तुले बोलावून राहिले. चिठ्ठी येईल. फक्त हात पुढं कर अन् सांग, मीच ते." त्या दिवसापासून ती दाराकडे तोंड करून तांदूळ निवडू लागली.

चिठ्ठी आली. पोस्टमन तुलारामनं ओट्यावरून विचारलं, "मंदा परसराम कोण जी?"

"आमची सून सुलोचना," गिरजाबाई म्हणाली. "विचार तिलेच."

ओट्यावर सासू, उंबऱ्यात नवरा. माझ्यातल्या तांदळावर अर्धी ओळ होती. ती तिनं मोडली.

"नाही, भाऊ. अशी बाई इथं नाही राहत."

चिठ्ठी परत गेली.

दुसऱ्या दिवशी घनश्यामनं मला बाजारात नाव घालणाऱ्याकडे नेलं. "हे जुनं काढ अन् सुलोचना टाक." त्यानं ठोकून ठोकून पाहिलं. ठिपके गेले नाहीत, काठ मात्र चिरला. मग त्यानं खाली दुसरं नाव घातलं आणि मोकळा झाला.

पुढे तिनं तांदळावर बोट टेकवलं नाही. सुलोचना म्हणून हाक मारली तर मान वळेना. माहेरून आलेल्या भावानं मंदा म्हटलं, तर मागे वळून पाही, जणू दुसरीच कोणी उभी आहे. एकटी जेवताना दोन ताटं वाढी. एकातलं खाई, दुसऱ्याकडे पाहत बसे.

आठ वर्षांनी गिरजाबाईची नजर गेली. एका दुपारी ती खाटेवरून ओरडत होती, "सुलोचना! पाणी दे वं!" घरात पावलं वाजत होती, ओ येत नव्हती. शेवटी म्हातारी रडली. लग्नानंतर पहिल्यांदा ते नाव तिच्या तोंडून निघालं.

"मंदा! ये वं माय!"

पावलं दारात थांबली. "मंदा नाही इथं, आत्याबाई. तुमच्यासमोरच सांगितलं होतं."

पाणी मिळालं. कोणी दिलं, ते म्हातारीनं विचारलं नाही.

आता मी कोंबड्यांच्या कोंड्यापुरती उरले आहे. मित्रांनो, परातीला चिंचेनं घासा, राखेनं घासा, मी कुरकुरणार नाही. पण कोणाचं नाव ठोकून काढू नका. नाव निघत नाही. भांडं तेवढं तडकतं.