सराईचे खांब

विकणारा जरा जास्तच गोड बोलतोय, तेव्हा लाकूड वाजवून घेतलेलं बरं, असं सुमंतरावांनी गाडीतून उतरतानाच ठरवलं.

अमेरिकेतल्या नोव्हाय गावापासून तासाभराच्या अंतरावर ही सराई. त्यांच्या मुलीने, उर्वीने, भली नोकरी सोडून ती विकत घ्यायचा घाट घातला होता. कर्जासाठी सुमंतरावांचं राहतं घर गहाण पडणार होतं. दारावर पाटी होती: ‘इंग्लंडमधली घोडागाड्यांची सराई, १६९०. लाकूड न् लाकूड जहाजातून आणून इथे उभारली.’

म्हातारा मालक व्हिटलॉक गुडघे सांभाळत दाखवू लागला. टपावर उतारू बसलेली गाडी आत यावी म्हणून वेस एवढी उंच. आत फरसबंदी अंगण, तिन्ही बाजूंनी वर लाकडी सज्जा, सज्ज्यावर खोल्यांची दारं. मागे तबेला. दमलेले घोडे सोडून ताजे जुंपायचे, आणि उतारूंनी तेवढ्यात चार घास पोटात ढकलायचे.

सुमंतराव ऐकत होते, पण बोटं स्वस्थ नव्हती. माठ घेताना वाजवतात तशी त्यांनी सज्ज्याची तुळई वाजवली. डब्ब. दुसरी वाजवली. तीही डब्ब.

“बाबा, प्लीज यार! माठ घेतोयस का?” उर्वी कुजबुजली.

“माठ गळका निघाला तर पाणी जातं. इथे घर जाईल.”

तुळया म्हणजे नुसती फळ्यांची खोकी, फटीतून आतलं लोखंड दिसत होतं. वेशीचे दोन खांब तेवढे भरीव वाजले. मांडीच्या उंचीवर त्यांना खोल खळगे पडले होते. गाड्यांच्या चाकांचे तुंबे, म्हणजे मधले बाहेर आलेले गड्डे, वर्षानुवर्षं घासल्याशिवाय ओकच्या टणक लाकडाला असे खळगे पडत नाहीत.

सुमंतराव व्हिटलॉकसमोर उभे राहिले. “दोन खांब सोडले तर सगळं बनावट आहे. आम्हाला फसवताय?”

म्हातारा गोंधळला. “बाकीचं लाकूड वाटेतच कुजलं होतं. हे मी तुमच्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगितलं. पाटी माझ्या आधीच्या मालकाची. मी काढणार होतो, तर तुमची मुलगीच म्हणाली, राहू द्या.”

सुमंतराव सावकाश लेकीकडे वळले.

“अरे, सगळेच असं करतात,” उर्वी म्हणाली. “लोकांना स्टोरी हवी असते, बाबा. गेस्ट काय तुझ्यासारखे लाकडं ठोकत बसणारेत?”

“आणि मला? मलाही स्टोरीच सांगितलीस ना?”

“तू नाही म्हणाला असतास.”

“विचारलंस कुठे?”

तेवढ्यात वाटेवरचं एक जोडपं वेशीत डोकावलं. त्यातल्या बाईने पाटी वाचून विचारलं, हे खरंच इंग्लंडहून आणलंय का?

उर्वीने तोंड उघडलं, बापाकडे पाहिलं आणि मिटलं. मग म्हणाली, “हे दोन खांब. बाकी सगळं इथलंच.”

बाई निराश होईल असं वाटलं होतं. तिने वाकून खळग्यात हात घातला आणि नवऱ्याला हाक मारली. दोघं बराच वेळ तिथे रेंगाळली.

“बघितलंस?” उर्वीचा चेहरा उजळला. “आता करशील ना सही?”

सुमंतराव तिच्याकडे बघत राहिले. लेक खरं बोलली होती, यात शंका नव्हती. पण आपण समोर नसतो तर काय बोलली असती?

“आधी पाटी उतरव,” ते म्हणाले. “मग मी महिनाभर इथे येऊन राहतो. सहीचं त्यानंतर बघू.”

“माझ्यावर वॉच ठेवायला?”

“हो,” सुमंतराव म्हणाले.