नावाचे पैसे

गुलाबराव गजभिये यांचं दागिन्यांबद्दलचं मत अगदी सुटसुटीत होतं. सोनं तोलावं, घडाई द्यावी, पावती खिशात घालावी आणि गुमान घरी यावं. खडे म्हणजे रंगीत काचा, आणि ब्रँड म्हणजे नुसते नावाचे पैसे. हे मत त्यांनी रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात नोकरी करता करता बनवलं होतं. तिथे दागिने घडत नव्हते, पण म्हणून मत बनवायला कोण अडवतं?

आणि गंमत बघा, त्यांच्याच पोटची पोर, दीक्षा, जयपूरला दागिन्यांचं डिझाइन शिकून आली आणि रायपूरजवळच्या बीरगावच्या घरातल्या वरच्या खोलीत तिनं स्वतःचा ब्रँड काढला. त्याचं नाव ठेवताना घरात चांगलीच खडाजंगी झाली. गुलाबरावांनी एकाहून एक भारदस्त इंग्रजी नावं सुचवली. पोरीनं एकही घेतलं नाही. तिनं ‘दीक्षा गजभिये’ असं पुरतं नावच ठेवलं.

“नुसतं दीक्षा ठेव ना,” ते म्हणाले होते. “आडनाव काहून पाह्यजे?”

“कारण मेरा है, बाबा,” एवढंच ती म्हणाली, आणि कलावतीबाईंनी नवऱ्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

आता रायपूर शहरात तेलीबांध्याच्या एका हॉटेलात दोन दिवसांचं प्रदर्शन भरलं होतं, त्यात दीक्षाचा पहिला स्टॉल. मुंबईच्या एका बड्या कंपनीनं तिला नोकरी देऊ केली होती. पगार घसघशीत, फक्त चित्रं दीक्षा काढणार आणि दागिन्यावर नाव कंपनीचं लागणार. दीक्षानं घरात सांगून टाकलं होतं, “एक तरी नग मेरे नाम से, पूर्ण भावात इकला गेला पाह्यजे. नाही इकला तर मी मुंबईले हो म्हणते.”

त्यामुळे गजभिये कुटुंबात दोन दिवस लगीनघाई चालली होती. कलावतीबाईंना पाहुण्यांमुळे घर सोडता येईना, म्हणून त्या फोनवरून हुकूम सोडत होत्या. गुलाबरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि स्टॉलमागच्या खुर्चीवर छाती काढून बसले होते. त्यांना दिलेलं काम एकच होतं, दागिन्यांचे डबे सांभाळणं. पण आत कुठेतरी त्यांनाही गुदगुल्या होत होत्या. झगझगते दिवे, अत्तराचा वास, रेशमी साड्यांची सळसळ, आणि या सगळ्यात आपली पोट्टी हसून बोलून राहिली आहे, हे बघून त्यांचा ऊर भरून येत होता.

सगळ्यात देखणं होतं नीलमचं एक पेंडंट. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतल्या झेंड्यासारखा गर्द निळा खडा, भोवती सोन्याची नाजूक पानं. पेंडंट उलटं केलं तर मागच्या बाजूलाही तशीच पानं, तीही तेवढ्याच निगुतीनं कोरलेली. “मागं कोण पाह्यते?” असं गुलाबरावांनी विचारलं होतं. “घालणारी पाह्यते,” दीक्षा म्हणाली होती. किंमत ऐकून त्यांना वाटलं, पोरीच्या हातून एखादं शून्य जास्त पडलं असावं.

पहिला दिवस नुसता बघ्यांचा गेला. दुसऱ्या दिवशीही बायका नीलम हातात घ्यायच्या आणि विचारायच्या, “कौन सी राशि को सूट करेगा? नीलम तो भारी पड़ता है न?” दीक्षा हसून सांगायची, “आपकी साड़ी को सूट कर रहा है मैडम, राशि का मुझे नहीं पता.” मग तो हात मागे व्हायचा. सुरुवातीला गुलाबरावांना याची भारी मजा वाटली. त्यांच्या घरात राशी कुणी मानतच नव्हतं. दुपार कलली तशी मात्र मजा आटली.

चार वाजता दीक्षा चहा आणायला गेली आणि नेमकी तेव्हाच एक बाई आली. भारी साडी, नाकात हिरा. तिनं पेंडंट उचललं, उलटं केलं, आणि तिचे डोळे लकाकले.

“वाह. किसका है ये, भैया? कौन सा ब्रँड है?”

पाटीवरची इंग्रजी अक्षरं एवढी वळणदार होती की ती कुणालाच धड वाचता येत नव्हती. सांगणं गुलाबरावांच्याच हाती होतं. आणि त्यांची जीभ जुन्या सवयीनं वळली. जन्मभर अनोळखी माणसानं नाव विचारलं की ते नुसतं गुलाबराव सांगत आले होते.

“मुंबई का है, मैडम,” ते म्हणाले. “बहुत बड़ा ब्रँड है.”

“तभी तो,” बाई म्हणाली. “रायपुर में ऐसा काम कहाँ.”

तिनं एका शब्दानं घासाघीस केली नाही. सरळ पर्स उघडली. गुलाबरावांनी डबा काढून समोर ठेवला. दीक्षा चहा घेऊन परतली तेव्हा त्यांनी तिला डोळ्यांनी खुणावलं, चूप राह्य म्हणून.

“मुंबईवालों की बात ही अलग है,” बाई दीक्षाकडे बघून म्हणाली.

दीक्षानं बापाकडे पाहिलं. चहा खाली ठेवला. “मुंबई का नहीं है, मैडम. यहीं बीरगांव में बना है. मैंने बनाया है. मेरा नाम दीक्षा गजभिये है.”

“गजभिये,” बाई हळूच म्हणाली. पेंडंट तेच होतं, तिच्याच हातात होतं. “फिर इतना दाम किस बात का?”

“जिस बात का अभी दे रही थीं, उसी का.”

बाईनं पेंडंट मखमलीवर ठेवलं, “सोचकर आती हूँ” म्हणाली आणि गेली.

दीक्षा रागावली असती तर बरं झालं असतं. ती बाजूला बसली आणि म्हणाली, “बाबा, तुमी माह्यं नाव काहून नाही सांगतलं?”

गुलाबरावांना खोटं सुचलं नाही. “नाव सांगतलं का माणसाचा भाव उतरते, पोरी. मी लय पाह्यलं. तुया माल पडून राहीन, याचं भेव वाटलं मले.”

“मग मुंबईवाले भी तो यही करेंगे, बाबा. माल माझा, नाव दुसऱ्याचं. मग तिथंच जाऊ का?”

त्यांना स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. चहा निवून गेला.

हॉल रिकामा होऊ लागला होता, तेव्हा दोन तरुण मुली आल्या. एकीच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र होतं. तिनं नीलम उचलला. दीक्षा तोंड उघडणार, तोच गुलाबराव खुर्चीवरून उठले. कुणी काही विचारलंही नव्हतं.

“दीक्षा गजभिये का है,” ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की पलीकडच्या स्टॉलवाल्यानं मान वळवली. “मेरी बेटी है. बीरगांव में रहते हैं हम लोग, वहीं बनाती है. पीछे से देखो बेटा. पीछे भी उतना ही काम है.”

मुलीनं उलटं करून बघितलं. बोटानं पानं चाचपली. मैत्रीण म्हणाली, “अंकल, घर का ब्रँड है तो कम कीजिए न. सराफा में आधे में बन जाएगा.”

हे तर गुलाबरावांचंच म्हणणं. कोथिंबिरीच्या जुडीसाठी बाजारभर फिरणारा माणूस तो.

“हव, बन जाएगा,” ते म्हणाले. “वहीं से बनवा लो. पर वो इसका बनाया नहीं होगा. दाम यही रहेगा.”

दीक्षा बापाकडे बघतच राहिली. गुलाबराव हटले नाहीत. मुलगी आरशापुढे गेली. पेंडंट गळ्याशी धरलं, मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मैत्रिणीनं कानात काहीतरी सांगितलं, तिनं नाही म्हणून मान हलवली.

“पैक मत कीजिए,” ती म्हणाली. “पहनकर जाऊँगी.”

तिनं पूर्ण पैसे दिले आणि दीक्षानं तिच्या गळ्यात साखळी अडकवली. मुली गेल्या, तशी ती बापाच्या खांद्यावर डोकं टेकून हसू लागली, आणि हसता हसता रडू लागली. गुलाबरावांनी एका हातानं तिला थोपटलं आणि दुसऱ्या हातानं घरी फोन लावला.

“इकलं,” ते म्हणाले.

कलावतीबाई नवऱ्याला ओळखून होत्या. “किती कमी केले तुमी?”

“एक रुपया नाही,” गुलाबराव म्हणाले. “पुरं नाव सांगून इकलं, कलावती.”