बादशहा मार्सेलची शिरगणती

१९५० सालच्या नाताळच्या नाटकात गिरीज गावच्या मार्सेलला रोमचा बादशहा ऑगस्टस व्हायला मिळालं. केळीच्या वाडीत पंधरा दिवस घोकलेलं एकुलतं एक वाक्य तो गरजला, “साऱ्या जगाची शिरगणती करा!”

टाळ्या पडल्या आणि मार्सेलला सत्ता चढली. आत जायचं सोडून तो सिंहासनावरून प्रेक्षकच मोजू लागला. त्या शिरगणतीत नाव नोंदवायला बेथलेहेमला निघायचे योसेफ आणि मरिया पडद्यामागे ताटकळले. मोजणी चौऱ्याऐंशीवर आली तेव्हा पहिल्या रांगेतून त्याची बायको सालोमी उठली.

“बादशहा, तुमच्या घरात पोरं किती?”

“पाच.”

“सहा! मग ही धाकटी कोणाची?”

बादशहाने खाली उतरून धाकटीला कडेवर घेतलं, तेव्हा कुठे योसेफ आणि मरिया बेथलेहेमला निघाले.