माथ्यावरची भेग

"एकेकच," हरिश्चंद्र पुन्हा म्हणाला. "एक पाटी भरतली, भायर येतली, मगे दुसरी."

बायका रिकाम्या पाट्या घेऊन उन्हात ताटकळत होत्या. ऐन मार्गशीर्षात आलेलं वादळ पहाटे ओसरलं होतं. रेडीच्या धक्क्यालगतचा लोखंडी मातीचा ढीग तांबडाभडक दिसत होता आणि मालाच्या होड्या, पडाव, भरायचे खोळंबले होते. एरवी साऱ्याजणी पायथ्याशी दाटीवाटीने वाकून माती कोरत, कारण खालची भुसभुशीत माती पाटीत झटकन येते. पोट कोरलेला ढीग वरून डोकं पुढे काढून उभा राही. तिकडे कोणी बघत नसे.

हौसाबाईने पदर खोचला. "गो सुगंधा, तुजो घोव बर्फातसून इलो खरो, पण अजून थिजलेलोच आसा."

सगळ्या हसल्या. सुगंधाही हसली, पण नवऱ्यावरच्या टोमण्याने तिचे कान तापले.

अठ्ठेचाळीस साली उजव्या पायाची बोटं काश्मीरच्या बर्फात गमावून हरिश्चंद्र पलटणीतून परतला होता. आता तो या ढिगाचा पहारेकरी होता. हातात काठी, गळ्यात पलटणीतली शिट्टी. इतर शिपाई लढाईच्या गोष्टी सांगत, हा बर्फाच्या सांगे. वादळात जुन्या बर्फावर नवा साचतो, पण दोघांची पकड बसलेली नसते. मग ऊन पडतं, माणूस निर्धास्त होतो, आणि तीच वेळ वाईट. म्हणून उतार एकेकाने ओलांडायचा, पाठीवरच्या ओझ्याचे बंद सोडून ठेवायचे, बाकीच्यांनी माथ्यावर नजर ठेवायची. बर्फ सुटलाच तर खाली नाही, कडेला पळायचं. त्याचा सोबती बाबली असा गाडला गेला, तेव्हा त्याला काढायला चौघे एकदम धावले. वर अर्धा बर्फ अजून लटकत होता. तो नंतर आला, त्या चौघांवर.

आज सकाळी ढिगाच्या माथ्यावर त्याला भेग दिसली होती. वरचा थर पावसाने जड झालेला, आतला कोरडा. आज काम नकोच, असं त्याने सांगून पाहिलं. पण मजुरी पाटीमागे होती, घरी चुली पेटायच्या होत्या, आणि पहारेकऱ्याचं ऐकायची सक्ती कोणालाच नव्हती. तेव्हा तो वाटेत काठी आडवी धरून उभा राहिला. निदान एकेकीने जा, म्हणाला. शेवटी कंटाळून बायका कबूल झाल्या.

सुगंधाची पाळी आली. ती पाटी भरायला वाकली तोच शिट्टी वाजली.

"पाटी टाक. कडेक धाव."

ती धावली. आवाज फारसा झालाच नाही. माती आली, तिला कमरेपर्यंत धरून थांबली.

हौसाबाई पुढे झेपावली. हरिश्चंद्राने काठी तिच्या आडवी घातली.

"रव."

"अरे, बायल ती तुजी."

"म्हायत आसा माका. वर बघ. अर्धो अजून वरच आसा."

सुगंधाला सगळं ऐकू येत होतं. दर श्वासाला माती आणखी घट्ट आवळत होती. नवऱ्याचा चेहरा तिला दिसत होता, पण तो तिच्याकडे बघत नव्हता. तो माथ्याकडे बघत होता.

मग उरलेला तुकडा सुटला. हौसाबाई एव्हाना ज्या वाटेवर असती, तिथेच, सुगंधाच्या अलीकडे, तो येऊन पडला.

हरिश्चंद्राने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग गळ्यातली शिट्टी काढून हौसाबाईच्या गळ्यात घातली. "नजर काढू नको. कायव हलला तर फुंक. माजो इचार करू नको." काठी टाकून, लंगडत, तो एकटाच आला आणि हातांनी माती उपसू लागला.

काम थांबलं. बायका माडांच्या सावलीत शिदोऱ्या सोडायला बसल्या. सुगंधाने हलकेच विचारलं, "तुमका धावान येवचासा वाटाक नाय?"

"ह्या पायान कसलो धावतलंय?" तो म्हणाला.

त्याच्या नखांखाली रक्त आणि तांबडी माती एक झाली होती. तिने तांब्या उचलला आणि त्याच्या हातांवर पाणी ओतत राहिली.

"हौसाबाय, जेवाक ये गो," कोणीतरी हाक मारली.

ढिगाखाली आता कोणीच नव्हतं. तरी हौसाबाई समुद्राकडे पाठ करून, शिट्टी ओठांत धरून, माथ्याकडे बघत उभी होती. तिने मान वळवली नाही.