कोमट पाण्यावर फिरलेलं चक्र

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. लोहारा तालुक्यातल्या एका गावात बोअरला पाणी लागलं, तेही आंघोळीच्या पाण्याइतकं ऊन. तिथं शांतलिंग महाराज उगवले. सगळ्या गावासमोर त्यांनी त्या पाण्याच्या घंगाळात तांब्याचा बंद चंबू ठेवला. जरा वेळानं चंबूच्या बारीक तोटीतून फुस्स आवाज आला आणि तोटीपुढं बसवलेलं पत्र्याचं चक्र गरगर फिरू लागलं.

"पाणी उकळलं न्हाय, तरी वाफ निघाली. हा पाताळदेवीचा श्वास. एक्केचाळीस दिस या पाण्याला कुणी शिवू नका, घरोघर वीज यील. आन् हितं दिवा-उदबत्ती नको, देवीला धूर सोसत न्हाय."

उदबत्तीचं वावडं असलेली देवी गावानं पहिल्यांदाच ऐकली, पण हात जोडले. सरपंच आबारावांनी बोअरच्या हातपंपाला साखळी घातली. बायका पुन्हा ओढ्यातल्या झऱ्याचं गढूळ पाणी भरू लागल्या.

आठवड्यात दवाखान्यातल्या मथुराबाई नर्सकडं हगवणीची अकरा पोरं आली. तिनं सलाईन लावली आणि तडक बोअरवर गेली. महाराज रोजच्यासारखं चक्र फिरवून दाखवत होते. ती पुढं सरकली आणि थबकली. देवीच्या श्वासाला, ती आधी नोकरीला होती त्या सोलापूरच्या ऑपरेशन थिएटरचा वास येत होता. रोग्याला गुंगी द्यायचं ईथर! तिला हसू आलं, रागही आला.

दुसऱ्या दिवशी तिनं ओढ्याचं पाणी घरी चुलीवर कोमट करून बादलीनं आणलं आणि चंबू त्यात ठेवू द्या म्हणाली. महाराजांनी देवीच्या कोपाची भीती घातली.

"ठिवू द्या की महाराज," आबाराव म्हणाले. "देवी खरी असंल तर चुलीवरच्या पाण्यात न्हाय फिरायचं चक्र."

चक्र फिरलं. पहिल्यापेक्षा जोरात.

"म्हंजी देवी नर्सबाईच्या चुलीत बी हाय?" घागर घेऊन उभ्या असलेल्या मालनबाईंनी विचारलं, आणि गाव खदखदून हसलं.

मथुराबाईनं समजावलं, "पाण्याला उकळायला लई आच लागती. चंबूतलं ईथर कोमट पाण्यातच उकळतं, आन् ठिणगीनं भडकतं, म्हणून उदबत्ती नको. रशियात जमिनीतल्या गरम पाण्यावर असाच दुसरा द्रव उकळून वीज करत्यात, वाफ थंड करून तोच द्रव पुन्हा वापरत्यात. ती माणसाची अक्कल हाय. आपलं पाणी तेवढं गरम न्हाय, पण प्यायला चांगलं हाय."

महाराजांनी चंबू तिथंच टाकून तुळजापूरची एस.टी. गाठली. आबारावांनी खाली मान घालून साखळी काढली आणि पहिली घागर स्वतः भरून दवाखान्यात पोचवली.

वीज पुढं चार वर्षांनी खांबांवरून आली, अर्ज केल्यावर. नवल दिसलं की जरूर बघावं. पण हात जोडायच्या आधी, हे कसं होतं, एवढं विचारावं.