होडीच्या फळीचा बाक

त्या सकाळी वाशीच्या ऑफिसचं शटर अर्धं वर होतं आणि रखवालदार पोपट माझ्यावर डोकं धरून बसला होता. "शेठ पैसे घेऊन पळाला. आत काय नाय. टेबलं नाय, एसी नाय," एवढंच तो येईल त्याला सांगत होता.

गावाकडून आलेल्या बायकांतली गंगू म्हणाली, "बाक तेवढा ठेवला. रडायला बसायची सोय केली मेल्यानं!"

बाळाराम कोळी माझ्याकडे बघतच राहिला. "होरीची फली टाकून गेला?" त्याला तेच खरं वाटेना.

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. त्याआधी मी बाळारामच्या होडीत होतो. पंचाहत्तर साली खाडीत भराव पडला आणि होडी चिखलात रुतून कुजली. मी, तिची सागाची फळी, तेवढा शाबूत राहिलो. गावात सरकारने घेतलेल्या जमिनीचा मोबदला आला आणि त्याच्या मागोमाग अरविंदशेठची गुंतवणूक कंपनी आली. कोपरखैरण्यात पत्र्याची खोली, एक टेबल. लोकांना बसायला काही नव्हतं, म्हणून बाळारामने माझा बाक ठोकून दिला.

त्याची बायको जमुना मला कुंकू लावून शेठला म्हणाली, "ही आमची होरी हाय. हिच्यावर हात ठेवून कोन खोटं बोलत नाय."

शेठने हात ठेवला. "तुमचा पैसा बुडणार नाही, मावशी."

"आनि नवी होरी बांधली का ही फली आमी परत नेनार."

"न्या की!"

मग बायका मला बघूनच पैसे ठेवू लागल्या. कंपनी तुर्भ्याला माडीवर गेली, लिमिटेड झाली, तिचे शेअर निघाले. प्रत्येक ऑफिसात शेठ आधी मला नेऊन ठेवी. वाशीला सोफे आले, तेव्हा मी व्हरांड्यात गेलो. तरी दर नारळी पौर्णिमेला जमुना कुंकू घेऊन यायची. मला वाटे, हा माझा मान आहे. मी तिथे कशासाठी होतो, ते त्या सकाळी कळलं. अजून ते माझ्या मनात मावत नाही.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात जमुना तापाने गेली. अंथरुणावरून ती एकच विचारी, "फली आनली का घरी?" बाळारामने मला डोक्यावरून आणलं आणि तिच्या उशाशी ठेवलं. आता तो माझ्या एका टोकाला बसतो.

मित्रांनो, कष्टाचा पैसा देताना समोरचा माणूस पारखा. त्याच्या दारात आपलं लाकूड दिसलं म्हणून तो आपला होत नाही.

शेठ सापडलेला नाही. जमुनाची होडी बांधायची राहिली आहे.